फरसबंदी फोडणारीं हत्यारें

इतिहासग्रंथांत बांधणाऱ्यांचीं नांवें पुष्कळ सांपडतात. फोडणाऱ्यांचीं सहसा सांपडत नाहींत. किल्ला कोणीं बांधला, पूल कोणीं उभारला, रस्ता कोणाच्या कारकीर्दींत झाला, हें शिलालेख व दप्तरें सांगतात. परंतु त्या किल्ल्याचा दगड खाणींतून कोणीं व कशानें सोडविला, डोंगर कोणत्या हत्यारानें पोखरला, आणि जुनी फरसबंदी उखडून नवी घालतांना कोणाचे हात झिजले, ह्याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः दगडाचें कोणतेंहि बांधकाम घ्या. त्याचा आरंभ कोठें तरी कांहीं तरी फोडण्यापासून झालेला असतो. शहरांतील काँक्रीटचा रस्ता कानठळ्या बसविणारा आवाज करीत फोडणारें जें यंत्र आज सर्वांच्या परिचयाचें झालें आहे, आणि ज्यास मजूर नुसतें ‘ब्रेकर’ म्हणतात, त्याची वंशावळ शोधूं लागल्यास ती खाणी, घाट व बोगदे ह्यांपर्यंत जाऊन पोंचते. ती शोधीत असतां दुसराहि एक प्रश्न आपोआप पुढें येतो: प्रत्येक नव्या हत्यारानें श्रम कोणाचे वांचविले, आणि त्याची किंमत कोणीं दिली? प्रस्तुत लेखांत हे दोन्ही धागे बरोबरच घेऊन चालावयाचें आहे.

दगड फोडण्याच्या प्राचीन रीती मुख्यतः दोन. एक पाचरीची व दुसरी आगीची. पाथरवट दगडाची शीर ओळखून तिच्यावर टांकीनें ओळीनें भोंकें पाडतो, त्यांत पाचरी बसवितो, आणि त्या एकीमागून एक ठोकीत जातो. शेवटीं दगड त्या रेषेवर दुभंगतो. ह्या रीतींत बळापेक्षां ओळख अधिक लागते. दुसऱ्या रीतींत खडकाशीं लांकडें रचून तीं पेटवीत, व खडक चांगला तापला म्हणजे त्यावर पाणी ओतीत. एकाएकीं निवाल्यामुळें त्यास तडे जात. इजिप्तच्या सोन्याच्या खाणींत आगीनें खडक ठिसूळ करीत असल्याचें वर्णन ग्रीक इतिहासकार डायोडोरस ह्यानें केलें आहे. इ. स. पूर्व २१८ मध्यें हॅनिबालनें आल्प्स पर्वत ओलांडतांना वाट अडविणारा खडक तापवून त्यावर सिरका ओतला व तो फोडला, अशी कथा लिव्हीनें दिली आहे. कथेंतील सिरक्याबद्दल विद्वानांनीं पुष्कळ वाद घातला असला, तरी आगीची रीत खरी होती ह्यांत संशय नाहीं. कारण १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोलाच्या खाणकामावरील ग्रंथांतहि तिचें सविस्तर वर्णन आहे.

पुढची पायरी बंदुकीच्या दारूची. १६२७ सालीं त्या वेळच्या हंगेरींतील, व आतांच्या स्लोव्हाकियांतील, शेम्निट्झ येथील खाणींत कास्पर वाइंडल ह्यानें दारूनें खडक उडविला, ही ह्या बाबतींतील प्रसिद्ध नोंद होय. दारूनें खडक फुटूं लागला हें खरें. परंतु दारू ठासण्यासाठीं आधीं खडकांत खोल भोंक पाहिजे, आणि तें पाडावयाचें मनुष्याच्या हातानेंच. एकानें पहार धरावयाची, दुसऱ्यानें तीवर घण घालावयाचा, प्रत्येक घावानंतर पहार किंचित् फिरवावयाची, व मधून मधून भोंकांतील भुकटी काढावयाची. दोनशें वर्षांहून अधिक काळ ह्या क्रियेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. फोडण्याची शक्ति हजार पटींनीं वाढली. छिद्र पाडणारा हात मात्र होता तसाच राहिला.

ह्या विषमतेचें सर्वांत ठळक उदाहरण आपल्या घराजवळचेंच आहे. बोरघाटाच्या रेल्वेचें काम जानेवारी १८५६ मध्यें सुरू झालें आणि एप्रिल १८६३ मध्यें घाट वाहतुकीस खुला झाला. सुमारें पंधरा मैलांच्या चढणींत १८३१ फूट उंची गांठावयाची होती, व त्यासाठीं २५ बोगदे खोदावे लागले. सह्याद्रीचा काळा कातळ किती कठीण, हें त्यावर टांकी चालविणाऱ्यासच माहीत. हे सर्व बोगदे पहार, घण व बंदुकीची दारू ह्यांच्या बळावर झाले. मजुरी थकल्यामुळें १८५९ च्या जानेवारींत मजुरांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षीं पहिल्या कंत्राटदारानें, फेव्हिएलनें, काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट स्वीकारून दोन अनुभवी एंजिनियरांच्या हातून तें तडीस नेलें. १८६१ सालीं मजुरांची संख्या सुमारें ४२ हजारांवर गेली होती. अपघात, पटकी व ताप ह्यांनीं ह्या आठ वर्षांत किती मेले ह्याची बिनचूक मोजदाद झालेली नाहीं. इतिहाससंशोधकांचा अंदाज २५ हजारांच्या आसपास जातो. ॲलिस ट्रेडवेल बाईंचें नांव इतिहासांत राहिलें, व तें राहणें योग्यच आहे. पण त्या हजारों माणसांपैकीं एकाचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं.

आतां त्याच १८६१ सालीं आल्प्स पर्वतांत काय चाललें होतें तें पाहावें. फ्रान्स व इटली ह्यांना जोडणारा सुमारें आठ मैलांचा माँ सनी बोगदा १८५७ मध्यें सुरू झाला होता. माथ्यावर पर्वत इतका उंच, कीं वरून विहिरी खणून मध्यें कोठें काम सुरू करणें अशक्य. दोन तोंडांकडूनच आंत शिरावयाचें. हातांनीं काम चालविलें असतें तर एक पिढी तरी खर्ची पडली असती. वाफेचें यंत्र आंत न्यावें तर धुरानें माणसें गुदमरतील. ह्या अडचणींतून जर्मेन सोमेये ह्या एंजिनियरानें वाट काढली. पर्वतावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरानें बाहेर हवा दाबावयाची, ती नळांतून आंत न्यावयाची, आणि तिच्या बळावर पोलादी पहार खडकावर आपटवावयाची. १८६१ मध्यें इटलीच्या बाजूस हीं यंत्रें चालूं लागलीं व कामाचा वेग कित्येक पटींनीं वाढला. शिवाय, यंत्रांतून सुटलेली हवा मजुरांच्या श्वासासहि उपयोगी पडे. १८७० च्या डिसेंबरांत दोन्ही बाजूंचे मजूर एकमेकांस भेटले. दुसऱ्या वर्षीं सप्टेंबरांत बोगदा खुला झाला. सोमेये मात्र त्यापूर्वींच दोन महिने मरण पावला होता.

एकाच वर्षीं आल्प्समध्यें दाबलेली हवा खडक फोडीत होती, आणि सह्याद्रींत ४२ हजार माणसें. न्यायाची गोष्ट सांगावयाची तर बोरघाटांतील बोगदे आखूड होते, पुष्कळ ठिकाणीं एकदम काम सुरू करतां येत होतें, आणि सोमेयेचें यंत्र त्या वेळीं अगदीं नवें व खर्चाचें होतें. तरीहि एवढें म्हणणें प्राप्त आहे, कीं जेथें माणूस स्वस्त असतो तेथें यंत्राची निकड कोणास भासत नाहीं. आल्प्समध्यें यंत्र आलें तें दयेपोटीं नव्हे. माणसाच्या हातानें काम वेळेवर होण्यासारखें नव्हतें म्हणून आलें. हत्यारांच्या इतिहासांत हा नियम वारंवार दृष्टीस पडतो.

ह्यानंतर प्रगति झपाट्यानें झाली. अमेरिकेंतील हूसॅक बोगद्यांत १८६६ पासून बर्ली ह्याचें वायुयंत्र चालूं लागलें. १८६७ मध्यें नोबेलनें डायनामाइटचें पेटंट घेतलें. परंतु ह्या पहिल्या यंत्रांत जड पहारच दट्ट्यास जोडलेली असे व ती सबंध मागेंपुढें हालवावी लागे. डेन्व्हर येथील जॉर्ज लायनर ह्यानें १८९० नंतरच्या दशकांत निराळी रचना रूढ केली: पहार जागच्या जागीं राहावयाची, आणि आंतला हलका दट्ट्या तिच्या माथ्यावर घणाप्रमाणें घाव घालीत राहावयाचा. म्हणजे दोन माणसांची जुनी जोडी, एक धरणारा व एक मारणारा, एका नळकांड्यांत बसविली गेली. लायनरनें पहार पोकळ करून तींतून हवेचा झोत सोडला, म्हणजे भोंकांतील भुकटी आपोआप बाहेर पडे. पण ती भुकटी मजुराच्या तोंडावरच येई; ती इतकी भयंकर होती, कीं खाणमजुरांनीं यंत्र वापरण्याचें नाकारलें. तेव्हां लायनरनें हवेबरोबर पाणी सोडण्याची युक्ति काढली. भुकटीचा चिखल झाला व धूळ बसली. कोरड्या यंत्रास मजुरांनीं इंग्रजींत जें नांव दिलें होतें त्याचा अर्थ ‘विधवा करणारें’ असा आहे.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. दगडांतील गारेची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो, आणि पाणी वापरल्यास ती पुष्कळशी टळते, ही गोष्ट विसावें शतक उजाडतांना ठाऊक झाली होती. असें असतां १९३० व १९३१ सालीं अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत हॉक्स नेस्ट येथें वीजनिर्मितीसाठीं जो बोगदा खोदला, त्यांत जवळजवळ निव्वळ गारेचा खडक लागला असूनहि, काम लवकर उरकावें म्हणून पुष्कळदां कोरडेंच छिद्र पाडण्यांत आलें, अशी साक्ष पुढें झाली. मजूर बहुतेक कृष्णवर्णी, पोटासाठीं दुरून आलेले. १९३६ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें मृतांचा आंकडा ४७६ असा आला. पुढील संशोधनानें तो सातशेंहून अधिक ठरविला. अज्ञानानें झालेला अनर्थ एक वेळ क्षम्य मानतां येईल. उपाय पाण्याइतका स्वस्त असतांना झालेल्या अनर्थास काय म्हणावें?

खाणींतील हें हत्यार रस्त्यावर कसें आलें, ती हकीकत मौजेची आहे. १८२४ मध्यें लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन ह्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. १८९१ मध्यें ओहायो संस्थानांतील बेलफोंटेन गांवीं जॉर्ज बार्थोलोम्यू ह्यानें अमेरिकेंतील काँक्रीटच्या रस्त्याचा पाया घातला. इकडे डेट्रॉइटचा चार्ल्स ब्रेडी किंग ह्यानें हातांत धरावयाचें वायुचलित हत्यार १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत मांडलें व १८९४ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. हाच किंग १८९६ च्या मार्चमध्यें डेट्रॉइटच्या रस्त्यावर पहिली मोटार घेऊन निघाला. आणि त्याच डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९०९ मध्यें काँक्रीटचा एक मैल रस्ता मोटारींसाठीं तयार झाला. मोटारीमुळें काँक्रीट आलें, आणि काँक्रीट फोडण्यासाठीं वायुघण. तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वयाच्या, व एकाच नगराच्या परिसरांत वाढलेल्या.

काँक्रीट फोडण्यांतील मर्म समजून घेण्यासारखें आहे. काँक्रीट दाब पुष्कळ सोसतें. ताण मात्र त्याच्या दशांशाइतकाच सोसतें. म्हणून त्याचा चुरा करूं पाहणें व्यर्थ. त्यास फांकविलें पाहिजे. वायुघणाचें वजन सुमारें ६० ते ९० रत्तल असतें. वातावरणाच्या सहा-सात पट दाबाची हवा एका झडपेमुळें दट्ट्याच्या आळीपाळीनें वर व खालीं येते, आणि दट्ट्या खालच्या टोंच्यावर मिनिटास हजाराहून अधिक घाव घालतो. कसलेला मजूर लादीच्या मध्यावर टोंचा टेकीत नाहीं. मोकळ्या कडेपासून थोड्या इंचांवर टेकतो, म्हणजे तुकड्यास सुटून जाण्यास जागा मिळते. लोभानें मोठा तुकडा धरला, कीं टोंचा रुतून बसतो. हें तर आपल्या पाथरवटाचें पाचरीचेंच शास्त्र! हजारों वर्षांनंतर यंत्राला वेग मिळाला. शहाणपण जुनेंच राहिलें.

परंतु मिनिटास हजार घाव टोंच्यास बसतात तसे ते मुठीसहि पोंचतात. १९१८ च्या हिवाळ्यांत डॉ. ॲलिस हॅमिल्टन ह्या अमेरिकन विदुषीनें इंडियाना संस्थानांतील बेडफर्ड येथें वायुचलित हत्यारांनीं चुनखडीचा दगड घडविणारे कारागीर तपासले. थंडीच्या सकाळीं त्यांचीं बोटें प्रेतासारखीं पांढरीं व बधिर होत. ज्या हातानें छिन्नी धरावयाची त्यास हा विकार अधिक. तिनें कारणहि स्पष्ट सांगितलें: हत्याराचें कंपन. ह्या रोगास ब्रिटनमध्यें भरपाईस पात्र अशा धंदेवाईक रोगांच्या यादींत स्थान मिळालें तें १९८५ मध्यें, म्हणजे ६७ वर्षांनीं. युरोपांत रोजच्या कंपनाची मर्यादा कायद्यानें ठरविली गेली ती २००२ मध्यें. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिसची गणना कळवावयाच्या रोगांत केली खरी. पण रस्ता हा कांहीं कारखाना नव्हे, आणि आज एका गल्लींत तर उद्यां दुसऱ्या शहरांत राबणाऱ्या मजुराचा रोग कळवावयाचा कोणीं व कोणास?

यंत्रविद्या येथेंच थांबलेली नाहीं. १९६७ मध्यें जर्मनींत क्रुप कारखान्यानें खोदयंत्राच्या भुजेवर बसणारा, तेलाच्या दाबावर चालणारा घण बाजारांत आणला. त्यांत माणूस मुठीऐवजीं आसनावर आला. तीव्र दाबाच्या पाण्याच्या झोतानें काँक्रीट सोलून काढण्याची रीतहि निघाली आहे. फुगणाऱ्या चुन्याचें मिश्रण भोंकांत भरून आवाजावांचून लादी तडकविण्याची युक्ति तर जुन्या पाचरीचीच बहीण. म्हणजे माणसाचे हात, कान व फुफ्फुसें वांचविणारे उपाय आज ज्ञात आहेत. उणीव आहे ती ते वापरण्याच्या इच्छेची.

ज्या बोरघाटांत पहारींनीं बोगदे पाडले, त्याच घाटांतून आज मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग गेला आहे. तो काँक्रीटचा आहे, आणि २००२ मध्यें पूर्णपणें खुला झाला. मुंबईचेहि रस्ते एकामागून एक काँक्रीटचे होत आहेत. काँक्रीट टिकाऊ खरें. पण त्याखालून पाण्याचे नळ, मलवाहिन्या व विजेच्या तारा जातात, त्यामुळें तें पुनः पुन्हां फोडावें लागणारच. फोडणारा माणूस बहुधा परगांवचा असतो. तोंडाला फडकें बांधलेलें, कानांत कांहीं नाहीं, आणि शेजारीं धूळ बसविण्यापुरतें पाणीहि नाहीं. आवाज झाला म्हणजे आपण खिडकी लावून घेतों, आणि आपल्या पुरती धूळ व गोंगाट दोन्ही थांबतात.

सारांश, ह्या हत्यारांचा इतिहास दोन गोष्टी शिकवितो. पहिली, फोडण्याची विद्या मनुष्यानें फार लवकर आत्मसात केली; घणाचा वेग वाढविण्यास त्यास वेळ लागला नाहीं. दुसरी, त्या घणाचा प्रत्याघात कोणास बसतो हें समजल्यावरहि तो थांबविण्यास त्यानें प्रत्येक वेळीं कित्येक दशकें घेतलीं. लायनरचें पाणी, हॅमिल्टनची तपासणी, ह्या गोष्टी शंभर वर्षांपूर्वींच्या आहेत. रस्त्याच्या कंत्राटांत सिमेंटची जाडी, खडीचें मान व मुदत हीं बारकाईनें लिहिलेलीं असतात. त्यांतच एक कलम पाण्याचें व एक मजुराच्या हातांचें घालावयास कोणत्याहि नव्या शोधाची गरज नाहीं. आणि तीं कलमें पाळलीं जातात कीं नाहीं, हें विचारण्यास नागरिकास एंजिनियर असावें लागत नाहीं.