येते, शकतो, लागते, असेल : मुले ही क्रियापदे कशी शिकतात?



रोटोटुनातल्या मराठी घरांत हमखास ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे, "आई, मी बाहेर जाऊ शकतो का?" साताऱ्यातले मूल "मी बाहेर जाऊ का?" एवढेच विचारते. आपल्या मुलांचे वाक्य हे इंग्रजी ‘कॅन आय’चे भाषांतर आहे.

क्षमता, परवानगी, गरज आणि अंदाज सांगणाऱ्या अशा क्रियापदांना इंग्रजीत ‘मोडल’ म्हणतात. मराठीत त्यांचा वेगळा गट शाळेत शिकवत नाहीत. ती विध्यर्थ, संयुक्त क्रियापदे आणि भविष्यकाळ यांत विखुरलेली आहेत. म्हणूनच आम्ही ती इथे एकत्र मांडत आहोत.

एक ‘कॅन’, मराठीत चार वाटा

- शिकलेले कौशल्य : मला पोहता येते.
- त्या वेळची क्षमता : ताप आहे, आज मी पोहू शकत नाही.
- परवानगी : मी पोहायला जाऊ का? / जाऊ दे त्याला.
- शक्यता : आज पाऊस पडू शकतो. / पडेल कदाचित.

चारही ठिकाणी ‘शकतो’ म्हणणाऱ्या मुलाचे बोलणे कळते, पण मराठीने केलेला फरक त्याच्या हातून निसटतो.

पाहिजे आणि लागते

‘पाहिजे’ मुलांना फार लवकर येते, कारण ते आधी इच्छेचे असते : मला केळे पाहिजे. त्यातूनच पुढे कर्तव्य येते : मला अभ्यास करायला पाहिजे. ‘लागते’ मध्ये मात्र बाहेरची सक्ती किंवा नाइलाज असतो. ‘हॅव टू’ मनात धरून मूल फोनवर "मला आजीशी बोलावे लागते" म्हणाले, तर तिकडे आजीला वाईट वाटते. मुलाला म्हणायचे असते, "मला आजीशी बोलायचे आहे."

अंदाज सर्वांत शेवटी

निरनिराळ्या भाषांतील अभ्यासांत साधारण एकच क्रम दिसतो. इच्छा, क्षमता, परवानगी आणि सक्तीचे अर्थ मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वापरू लागतात. अंदाजाचे अर्थ नंतर येतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात दोन बाहुल्यांपैकी एक लपवलेल्या खाऊची जागा खात्रीने सांगे आणि दुसरी ‘कदाचित’ म्हणे. तीन वर्षांच्या मुलांना यातला फरक कळला नाही, चार वर्षांच्यांना कळू लागला होता.

यामागे केवळ शब्दांची अडचण नसते. २०१६ साली क्वीन्सलँड विद्यापीठाच्या रेडशॉ आणि सडेनडॉर्फ यांनी दोन तोंडे खाली असलेल्या नळीत चेंडू टाकला. दोन वर्षांची मुले बहुधा एकाच तोंडाखाली हात धरत, चार वर्षांची दोन्हीकडे. ‘हेही होईल किंवा तेही’ हा विचारच हळूहळू पक्का होतो. म्हणून "शनिवारी रॅग्लनला जाऊ कदाचित" हे लहानग्याला वचन वाटते.

आता आपली खरी अडचण पाहा. न्यूझीलंडमध्ये बहुतेक मुले पाच वर्षांची होताच शाळेत जातात. म्हणजे अंदाजाचे अर्थ पक्के होण्याच्या सुमारासच दिवसाचा मोठा भाग इंग्रजीत जाऊ लागतो. ‘मस्ट’ सक्तीलाही चालते आणि अंदाजालाही. मग "बाबा दमले असतील" ऐवजी "बाबा दमलेले असायला पाहिजेत" असे वाक्य येते.

घरी काय करावे?

- चुकीवर बोट ठेवू नये. "जाऊ शकतो का?" ला "जाऊ का म्हणतोस? जा की!" असे उत्तर द्यावे.
- अंदाजाचे खेळ खेळावेत : डब्यात काय असेल? दारात कोण आले असावे?
- ‘कदाचित’ म्हटल्यावर कारणही सांगावे : पाऊस नसला तर जाऊ.
- आजी-आजोबांशी गप्पा वाढवाव्यात. ‘असेल’, ‘असावे’, ‘नये’, ‘चालेल’ ही रूपे तिथे सहज कानावर पडतात.

ही रूपे पाठ करून येत नाहीत, ऐकून येतात. तुमच्या घरातली अशी वाक्ये आम्हाला जरूर कळवा.