नवे पीठ, जुने मंत्र

पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. तिच्यापुढे हात जोडणारा माणूस बाजारात मोबाइलवरून पैसे चुकते करतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. या सहवासाला करवीर संस्थानात मोठा इतिहास आहे.

वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींनाच शूद्र ठरवण्यात आले. शाहू महाराजांचे उत्तर दुहेरी होते. १९०२ साली त्यांनी सरकारी नोकऱ्यांतील ५० टक्के रिक्त जागा मागासवर्गांसाठी राखल्या. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. ही झाली नवी वाट. पण १९२० मध्ये त्यांनी मराठा पुरोहित तयार करण्यासाठी शिवाजी वैदिक स्कूल काढले आणि पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. विधी तोच राहिला, अधिकारी बदलला.

देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थच नको, ही जोतीराव फुल्यांची भूमिका. त्या कसोटीवर नवे पीठ तडजोडच ठरते. त्याच वर्षी मार्चमध्ये, आज वडगावच्याच हातकणंगले तालुक्यात असलेल्या माणगावी, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. महाराज तिथेही आले. तिथला प्रश्न मात्र मंत्रांचा नव्हता, माणूस म्हणून जगण्याचा होता.

म्हणून जुने-नवे एकत्र नांदते, एवढ्यावर समाधान मानू नये. त्या घरात कोणाला जागा मिळाली आणि कोण उंबऱ्याबाहेर राहिले, हेही पाहावे.