शल्य आणि रोपण : हनुवटीच्या कृत्रिम आधाराचा इतिहास

शस्त्रवैद्यकास मराठीत ‘शल्यक्रिया’ हे नाव रूढ आहे; परंतु त्या नावाच्या मूळ अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मनाला व शरीराला पीडा देणारे ते शल्य, अशी कल्पना मांडलेली असून त्याचे शारीर व आगंतुक असे दोन प्रकार मानिले आहेत. सव्विसाव्या अध्यायात शरीरात दडलेले शल्य कसे ओळखावे याचे, आणि सत्ताविसाव्यात ते बाहेर कसे काढावे याचे विवेचन येते. ज्या विद्येचे नावच परकी वस्तू काढण्यावरून पडले, ती विद्या पुढे निरोगी शरीरात परकी वस्तू बसवू लागली. हनुवटीचे रोपण हे त्याचे एक लहान, परंतु बोधप्रद उदाहरण होय. आखूड हनुवटी पुढे दिसावी म्हणून जबड्याच्या हाडावर कृत्रिम आधार बसवितात. काही काळाने तो काढण्याची वा बदलण्याची वेळ काही रुग्णांवर येते. या विषयाचा इतिहास बहुधा बसविण्याच्या बाजूने सांगितला जातो. वस्तुतः कोणत्याही द्रव्याची खरी परीक्षा ते काढावे लागले तेव्हाच झालेली आहे.

चेहऱ्याची हानी भरून काढण्याचा जो प्रयोग युरोपात सर्वाधिक गाजला, तो पुण्याजवळचा आहे. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कावसजी या नावाने उल्लेखिलेला, शेतकरी जातीचा एक मराठा इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याची नोंद त्या वृत्तान्तात आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने रुग्णाचे चित्र काढिले. त्यामुळे रुग्णाचा चेहरा जगास ठाऊक झाला, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेविले नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या क्रियेतील एक तपशील महत्त्वाचा आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेत. तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेने रेषा आखीत. त्या रेषेने कपाळाची कातडी सोडवून खाली वळवीत. दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवीत, म्हणजे कातडीचा रक्तपुरवठा तुटत नसे. सांध्यावर काताचा लेप लाविलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापीत. मेण मापापुरते वापरले गेले व बाजूस काढले गेले. शरीरात राहिले ते शरीराचेच. जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच रीत अनुसरली आणि १८१६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि एक प्रश्न उरलाच होता. कातडी आच्छादन देते, आधार देत नाही. आतून अस्तर व सांगाडा नसेल तर नवे नाक कालांतराने आक्रसते. आधारासाठी द्रव्य शोधण्याची निकड येथून निर्माण झाली.

पुण्याच्या कारागिराने बाहेर ठेविलेले मेण एका शतकानंतर शरीरात शिरले. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने १८९९ मध्ये व्हॅसलीनसारखी खनिज द्रव्ये त्वचेखाली टोचण्यास प्रारंभ केला. त्यानंतर बसकी नाके व चेहऱ्यावरील खळगे पॅराफिनने भरण्याची लाट आली. सुई टोचण्याचे काम सोपे होते आणि परिणाम तत्काळ दिसे. पुढे पॅराफिन मूळ जागेवरून सरकू लागले, भोवती कठीण गाठी धरू लागल्या, त्वचा फुटू लागली. ते ऊतींत पसरलेले असल्याने निराळे काढता येत नसे. काढावयाचे तर निरोगी मांसही कापावे लागे. घालणे सुलभ व काढणे दुष्कर, हा त्या द्रव्याचा खरा दोष होय.

हनुवटीच्या बाबतीत यानंतर दोन मार्ग दिसतात. एक स्वकीय द्रव्याचा. गुस्ताव ऑफ्रिख्ट याने १९३४ मध्ये नाकाचा कापून काढलेला उंचवटा हनुवटीत बसविण्याची रीत वर्णिली. ओटो होफर याने १९४२ मध्ये हनुवटीचे हाड आडवे कापून पुढे सरकविण्याची कल्पना मांडली. हुगो ओब्वेगेझर याने १९५७ मध्ये ती ओठाच्या आतून, चेहऱ्यावर व्रण न ठेविता, साध्य करून दाखविली. दुसरा मार्ग कृत्रिम द्रव्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम ॲक्रिलिक व मग घन सिलिकोन प्रचारात आले. सिलिकोन शरीरात विरघळत नाही. शरीर त्याच्याभोवती तंतुमय आवरण विणते. त्या आवरणामुळेच ते पुढे अखंड बाहेर काढता येते. याउलट सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये ऊती शिरतात. ते जागा सोडत नाही, पण काढणेही तितकेच कठीण जाते.

सिलिकोन निरुपद्रवी असल्याचा विश्वास फार काळ अबाधित राहिला नाही. रॉबिन्सन व शुकेन यांनी १९६९ मध्ये हनुवटीतील कृत्रिम रोपणाखालचे हाड झिजत असल्याचे दाखविले. ही झीज पुष्कळदा अल्प असते व थांबते. परंतु रोपण वर सरकून दातांच्या मुळांशेजारच्या पातळ हाडावर टेकले, तर ती मुळांपर्यंत पोहोचू शकते. जंतुसंसर्ग, एका बाजूस कलणे, खालच्या ओठाची बधिरता, अथवा केवळ आकार न आवडणे, हीही काढण्याची कारणे होत. शेवटच्या कारणास क्षुल्लक लेखणे उचित नव्हे, कारण सुश्रुताच्या व्याख्येत मनाची पीडा आधीच अंतर्भूत आहे.

वस्तू काढली म्हणजे पूर्वीची हनुवटी परत मिळते, हा समज मात्र भ्रामक आहे. ताणलेली त्वचा सैल राहते, स्नायूची पकड ढळलेली असते, रिकामे आवरण आक्रसून खळगा पडतो. म्हणून संसर्ग नसल्यास योग्य मापाचे दुसरे रोपण बसवितात, किंवा रुग्णाचे हाडच पुढे आणून पोकळी भरतात. संसर्ग असल्यास आधी वस्तू काढून जखम पूर्ण बरी होऊ देणे व नंतरच विचार करणे श्रेयस्कर मानितात. हाड सरकविल्यावर ते धातूच्या पट्टीने जखडावे लागते. तेव्हा स्वकीय व परकीय ही विभागणी तेथेही निखळ राहत नाही.

या इतिहासाचा आणखी एक धागा पुण्याकडेच परततो. सर हॅरॉल्ड गिलीझ यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी कोंढव्याच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांचे विद्रूप झालेले चेहरे सुधारण्याचे काम केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जरी विभाग त्यांच्याच नावाशी निगडित झाला. कुष्ठरोगात नाकाचे आतील अस्तर आक्रसते. ते मोकळे करून नवे अस्तर न देता नुसता आधार दिल्यास तो टिकत नाही, हे तत्त्व या शस्त्रक्रियेच्या मुळाशी आहे. आधारापेक्षा आधार धरणारी भूमी महत्त्वाची, हाच बोध हनुवटीच्या काढलेल्या रोपणांतूनही मिळतो.

कावसजीने गमावलेले परत मिळविले. हनुवटीचे रोपण मागणाऱ्याने काही गमावलेले नसते. हा भेद शस्त्रक्रियेस अनुचित ठरवीत नाही, परंतु वैद्याचे उत्तरदायित्व वाढवितो. अंधेरी, साकीनाका, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मध्यमवर्गासही अशी शस्त्रक्रिया आता अपूर्व वाटत नाही. अशा वेळी रुग्णास प्रथम सांगावयाची गोष्ट वस्तू कशी बसेल ही नसून, ती काढावी लागल्यास मागे काय उरेल ही होय. १७९४ च्या वृत्तान्तातही कपाळावरील व्रण दीर्घ काळानंतर कसा दिसतो, याची नोंद होती. बसविल्या दिवसाचे यश आणि वर्षांनंतरचे यश यांतील अंतर ज्याने ओळखले नाही, त्याच्या हातून रोपणाचे शल्य होण्यास वेळ लागत नाही.