मासा केवढा? पट्टीने मोजावा की काट्यावर तोलावा? जाणून घ्या दोन्हीची योग्य पद्धत

कल्याण, प्रतिनिधी : पाऊस सुरू झाला की मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडच्या ओढ्यांवर, बारवी-भातसाच्या पाण्यावर आणि उल्हासच्या खाडीवर जाळी पडायला लागतात. मग मोबाईलवर फोटो फिरतात आणि खाली एकच प्रश्न असतो, "केवढा होता?" कुणी सांगतो दोन किलोचा, कुणी सांगतो हातभर. दोघंही एकाच माशाबद्दल बोलत असतात, पण मापं वेगळी असतात.

हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. मासा विकत घेताना, शेततळ्यात खाद्य टाकताना आणि पकडलेला मासा ठेवायचा की परत सोडायचा हे ठरवताना कोणतं माप धरायचं, यावर आपला पैसा आणि पुढच्या वर्षीचे मासे दोन्ही अवलंबून आहेत. थोडक्यात उत्तर असं : पैशाचा व्यवहार वजनावर, मासा वाढलेला आहे की पिल्लू आहे याचा निर्णय लांबीवर आणि माशाची तब्येत बघायची तर दोन्ही मिळून.

आपल्याकडची जुनी मापं

आपल्याकडे मासा पूर्वीपासून वितीवर आणि बोटांवर मोजला जातो. चार बोटं, वीतभर, हातभर. वीत म्हणजे साधारण २२ ते २३ सेंटीमीटर. बाजारात मात्र तीन पद्धती चालतात. बारीक मासळीचा वाटा लावतात, पापलेटसारखा मासा नगावर किंवा जोडीवर जातो आणि रोहू, कटला, सुरमई किलोवर.

कोळंबीवाले आणखी एक माप वापरतात, ते म्हणजे काउंट. ३० काउंट म्हणजे एका किलोत ३० नग, म्हणजे एक नग सरासरी ३३ ग्रॅमचा. काउंट जितका जास्त तितका माल बारीक. हीच पद्धत पापलेट घेताना वापरून बघा. किलोत नग किती चढले हे मोजलं की माल मोठा आहे की बारीक, हे भाव विचारायच्या आधीच कळतं.

वजन का फसवतं?

एकाच माशाचं वजन दिवसभरात बदलू शकतं. त्याची कारणं अशी :

- पोट भरलेलं असेल तर वजन जास्त, उपाशी असेल तर कमी.
- गाबोळी भरलेली मादी त्याच लांबीच्या नरापेक्षा जड भरते. अंडी टाकून झाली की तीच मादी हलकी होते.
- पाण्यातून काढल्या काढल्या तोलला तर अंगावरचं, टोपलीतलं आणि पिशवीतलं पाणीही वजनात येतं.
- साफ करताना खवले, कल्ले, पोटातली घाण आणि डोकं गेलं की वजन बरंच उतरतं.
- सुकवलं तर विचारूच नका. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे टोपलीभर ओल्याचे सुके मूठभर होतात.

लांबीचं तसं नाही. मासा उपाशी असो, गाबोळीचा असो, तोंडापासून शेपटीपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. बर्फात ठेवल्यावर थोडा आखडतो, पण फरक किरकोळ. दुसरं म्हणजे हलणाऱ्या होडीत काटा स्थिर राहत नाही, पट्टी मात्र कुठेही चालते. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी लहान मासा वाचवण्याचे नियम लांबीवर केलेले आहेत.

आपल्या राज्याचा नियम मिलिमीटरमध्ये

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशी त्याला आधार होत्या. हा आकार ग्रॅममध्ये नाही, मिलिमीटरमध्ये आहे. काही नेहमीचे मासे बघा :

- पापलेट (सरंगा) : १३५ मिमी
- बोंबील : १८० मिमी
- सुरमई : ३७० मिमी
- घोळ : ७०० मिमी

याच वर्षी ४ सप्टेंबरला पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं गेलं. सातपाटीच्या मच्छिमारांनी बारीक पापलेट पकडण्याविरुद्ध त्याआधी कित्येक वर्षं आवाज उठवला होता. सातपाटी पूर्वी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये गेलं.

नियमामागचा विचार साधा आहे. माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्यावीत, मग पकडावा. घरात मापायची सोय नसेल तर हात वापरा. १३५ मिमी म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर, वितीपेक्षा बरंच कमी. सुरमईचे ३७० मिमी म्हणजे दीड वितीपेक्षा थोडं जास्त. त्याहून लहान माल बाजारात दिसला तर तो न घेणं हे गिऱ्हाईकाच्या हातात आहे.

हा आदेश समुद्रातल्या मासेमारीसाठी आहे. आपल्या नद्या, ओढे, धरणं यांना तो लागू नाही. पण त्यातलं शहाणपण गोड्या पाण्यातही तेवढंच लागू पडतं.

जिताड्याचं उदाहरण

खाडीतला जिताडा घ्या. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच. लहान जिताडे सरसकट मारले तर पुढे माद्या तयार होणार नाहीत आणि मोठेच तेवढे मारले तर अंडी घालायला कोणी उरणार नाही. हाच मासा ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणून ओळखला जातो. तिथल्या क्वीन्सलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटीमीटरच्या खालचा आणि १२० सेंटीमीटरच्या वरचा, दोन्ही परत सोडावे लागतात. मधला तेवढा ठेवता येतो. असा नियम वजनावर करणं अवघड, कारण गाबोळी असताना आणि नसताना एकच मासा दोन वेगळ्या वजनांत बसेल.

पट्टीने कसं मोजायचं?

शिंप्याची टेप माशाच्या पोटावरून फिरवू नका. पोट फुगीर असतं, त्यामुळे माप जास्त येतं. एक सपाट फळी घ्या, एका टोकाला लाकडाचा उभा तुकडा ठोका आणि तिथून पुढे सेंटीमीटरच्या खुणा करा. मासा कुशीवर सरळ ठेवा, तोंड मिटलेलं आणि त्या तुकड्याला टेकलेलं हवं. मग शेपटीकडे बघा.

लांबी तीन प्रकारची असते :

१) पूर्ण लांबी : तोंडापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत.
२) खाचेपर्यंतची लांबी : तोंडापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. सुरमई, कुपा अशा दुभंगलेल्या शेपटीच्या माशांना ही सोयीची, कारण त्यांच्या शेपटीची टोकं तुटतात.
३) शरीराची लांबी : शेपटीचं पातं सोडून, जिथे मांस संपतं तिथपर्यंत. शेपूट कुरतडलेली असेल तेव्हा उपयोगी.

एकच मासा तिन्ही पद्धतीने वेगळा येतो. म्हणून कुणाशी तुलना करताना आधी विचारा, कुठपर्यंत मोजला? चिंबोरीचं माप मात्र लांबीचं नाही, पाठीच्या कवचाची रुंदी धरतात.

मासा परत सोडायचा असेल तर फळी आणि हात आधी ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. जबड्याला आकडा लावून जिवंत मासा लटकवून तोलू नका. तोलायचाच असेल तर ओल्या जाळीत घ्या आणि नंतर जाळीचं वजन वजा करा.

काट्यावर तोलताना काय बघायचं?

- मासा ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का, हे बघा. भांडं ठेवलं असेल तर ते ठेवून शून्य करायला सांगा.
- पाणी निथळू द्या, मग तोला.
- वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. बहुतेक ठिकाणी आधीचंच धरतात.
- इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी व्हायला लागते. तिचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं हवं.
- वजनात फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

आपला मासा व्यापाऱ्याला देणाऱ्या तळेवाल्यांनीही हेच बघावं. काट्यावर गिऱ्हाईक फसतो तसा विकणाराही फसतो.

लांबी दुप्पट, वजन आठपट

ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मासा लांबीला वाढतो तेव्हा उंची आणि जाडीलाही वाढतो. त्यामुळे लांबी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. लांबी १० टक्क्यांनी वाढली तर वजन साधारण ३३ टक्क्यांनी वाढतं.

याचा अर्थ काय? २० सेंटीमीटरचा रोहू साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो. तोच ४० सेंटीमीटरचा झाला की ८०० ग्रॅमच्या घरात जातो. वीतभर असताना काढला तर किलो भरायला दहा नग लागतील. थांबला तर सव्वा नगात किलो. लहान मासा काढणारा स्वतःचंच नुकसान करतो, ते असं.

शेततळ्यात दोन्ही मापं लागतात

तळ्यात खाद्य किती टाकायचं ते माशांच्या एकूण वजनावर ठरतं. महिन्यातून एकदा जाळं टाकून २५ मासे काढा आणि एकत्र तोला. समजा १० किलो भरले, तर सरासरी ४०० ग्रॅम. तळ्यात १००० बोटुकली सोडली होती आणि १० टक्के मेली असं धरलं, तर ९०० मासे, म्हणजे ३६० किलो. खाद्य २ टक्के द्यायचं असेल तर दिवसाला ७ किलो २०० ग्रॅम. अंदाजाने टाकलं तर एकतर मासा उपाशी राहतो, नाहीतर खाद्य तळाला सडून पाणी खराब होतं.

त्यातलेच चार-पाच मासे पट्टीवरही ठेवा. ३० सेंटीमीटरचा एक मासा ४०० ग्रॅमचा आणि त्याच जातीचा तेवढाच लांब दुसरा ३०० ग्रॅमचा असेल, तर दुसरा वाळलेला आहे. हिशेब करायचा तर ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणा आणि लांबीला लांबीने दोनदा गुणून जो आकडा येतो (३० × ३० × ३० = २७,०००) त्याने भागा. पहिल्याचं उत्तर १.४८ येतं, दुसऱ्याचं १.११. दर महिन्याला हा आकडा वहीत लिहा. तो खाली यायला लागला की खाद्य कमी पडतंय, मासे दाट झालेत किंवा रोग आहे, असं समजा. तुलना मात्र एकाच जातीच्या माशांची करायची.

लांबीवरून वय मात्र सांगू नका. दाटी झालेल्या तळ्यात मासा खुरटतो. चिलापी तर तिथे लहानपणीच अंडी घालायला लागते आणि तळं बारीक माशांनी भरून जातं.

काटा नसेल तर दोरी वापरा

बांधावर काटा नसतो, पण दोरी असते. माशाच्या सगळ्यात जाड भागाभोवती दोरी गुंडाळून घेर मोजा, मग खाचेपर्यंतची लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ३० ने भागा. उत्तर ग्रॅममध्ये येईल. उदाहरण : घेर २८ सेंमी, लांबी ४० सेंमी. २८ × २८ × ४० = ३१,३६०. भागिले ३० म्हणजे १,०४५ ग्रॅम, साधारण एक किलो. हा अंदाज रोहू, मृगळ अशा अंगाच्या माशांना चालतो. चपट्या पापलेटला किंवा वामीला चालत नाही.

वलगणीत वजनाला भुलू नका

पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांत, भातखाचरांत चढतात. त्यालाच आपण वलगण म्हणतो. मळ्या, शिंगटी अशी मासळी तेव्हा हाताने सापडते. हातात जड लागते, कारण पोटात गाबोळी असते. रोहूसारख्या माशात एक किलोच्या मादीला साधारण दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. सगळी जगत नाहीत, पण ती मादी टोपलीत गेली तर एकही जगायची सोय राहत नाही.

वलगण आपली जुनी परंपरा आहे, आदिवासी पाड्यांवर ते पावसाळ्यातलं हक्काचं खाणं आहे. ते बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण ओढ्याचं तोंड जाळ्याने पूर्ण बांधायचं नाही, निम्मी वाट मोकळी ठेवायची आणि बोटाएवढी पिल्लं व पोट फुगलेल्या माद्या जमेल तेवढ्या वर जाऊ द्यायच्या, एवढं गावाने ठरवलं तरी पुढच्या वर्षी त्याच ओढ्यात मासा दिसेल.

फोटो टाकताना

हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरलेला मासा दुप्पट दिसतो. खरा आकार दाखवायचा तर मासा जमिनीवर ठेवा, शेजारी पट्टी ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा. पट्टी नसेल तर काडेपेटी चालेल. सोबत जात, लांबी, वजन, जागा आणि तारीख लिहा. गावातल्या दहा जणांनी पाच वर्षं अशी नोंद ठेवली, तर आपल्या ओढ्यातला मासा लहान होत चाललाय का, याचं उत्तर गावालाच मिळेल.