बाटलीतलं पाप

फ्रान्समध्ये एक लाल वाईन मिळते, तिच्या बाटलीवर चक्क 'पाप' लिहिलेलं असतं. पूर्ण नाव शातोनफ-द्यु-पाप. आमच्या आजीने हे लेबल वाचलं असतं तर "बघ, त्यांनीच लिहून ठेवलंय," असं म्हणून विषय संपवला असता. पण फ्रेंचमध्ये 'पाप' म्हणजे पोप आणि 'शातोनफ' म्हणजे नवा किल्ला. पोपचा नवा किल्ला! हे एका गावाचं नाव आहे. दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या काठी, आव्हिन्यों शहराच्या थोडं उत्तरेला हे गाव आहे.

मंडळी, माझं वाईनचं ज्ञान म्हणजे लाल आणि पांढरी, बस्स. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो अगदी बाळबोध. नाशिकची बाटली घेतली की तिच्यावर शिराझ, कॅबरने असं द्राक्षाचं नाव असतं. इथे द्राक्षाचा पत्ताच नाही, नुसतं गावाचं नाव! पुस्तकावर लेखकाचं नाव न छापता फक्त छापखान्याचा पत्ता छापावा तसं. मग हे लोक विकत घेणाऱ्याला नक्की सांगतात तरी काय?

या प्रश्नाच्या मागे लागून दोन-तीन वीकएंड वाचन झालं आणि सोबत बाटलीचा शोधही सुरू झाला. पुण्यातल्या चार दुकानांत विचारलं. एका ठिकाणी "पाप नाही, पोर्ट आहे" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी फ्रेंच लाल म्हणून बोर्दोची बाटली पुढे आली. शेवटी मुंबईतल्या एका दुकानात सापडली. किंमत सहा हजारांच्या घरात, म्हणजे आमच्यासारख्यांनी एकट्याने घ्यायचं कामच नाही. चार मित्रांनी वर्गणी काढली. बाटली हातात घेतली तर काचेतच एक ठसा उठवलेला दिसला: पोपचा मुकुट आणि त्याखाली किल्ल्या. पाहताक्षणी वाटतं की हे सगळं सातशे वर्षं जुनं असणार.

गंमत इथेच सुरू होते.

पोपची गोष्ट खरी आहे. १३०९ साली पाचवा क्लेमेंट हा पोप आव्हिन्योंला येऊन राहिला आणि १३७७ पर्यंत सात पोपनी रोमऐवजी इथून कारभार केला. त्यातल्या बाविसाव्या जॉनने १३१७ पासून या गावाच्या टेकडीवर किल्ला बांधून घेतला. पण नाव बघाल तर गाव कित्येक शतकं शातोनफ-कालसेर्निए म्हणूनच ओळखलं जायचं. 'कालसेर्निए' हे चुन्याच्या धंद्यावरून पडलेलं नाव. 'चुन्याचा नवा किल्ला' म्हणून वाईन काय खपणार? १८९३ साली गावाचं अधिकृत नाव बदलून शातोनफ-द्यु-पाप झालं. पोप जाऊन तोवर पाचशेहून जास्त वर्षं झाली होती. बाटलीवरचा ठसा तर १९३७ चा. आजच्या भाषेत ज्याला ब्रँडिंग म्हणतात, ते.

मग नाव बदलायची वेळ का आली असावी? तेव्हाची परिस्थिती बघा. शातोनफच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठाला रोकमोर नावाचं गाव आहे. तिथल्या एका वाईन व्यापाऱ्याने १८६२ च्या सुमारास अमेरिकेतून आलेले द्राक्षवेल हौसेने आपल्या बागेत लावले. त्या वेलांबरोबर फिलॉक्सेरा नावाची एक बारीक कीड आली. आपल्याकडच्या माव्याची नातेवाईकच म्हणा, पण ही मुळांवर बसते. अमेरिकी वेलांना तिची सवय होती, युरोपच्या वेलांना नव्हती. आसपासच्या बागा वाळायला लागल्या. रोग पडलाय की हवा बिघडली, काही कळेना, कारण मेलेला वेल उपटून पाहिला की मुळांवर काहीच दिसायचं नाही. कीड तोवर शेजारच्या जिवंत वेलावर गेलेली असायची. १८६८ साली माँपेलिएच्या प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी जिवंत वेलाची मुळं उकरली तेव्हा कुठे ती सापडली. (बग शोधायचा तर चालू सिस्टिममध्ये शोधावा, क्रॅश झालेल्या नव्हे!)

१८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटर वाईन झाली होती. १८८९ साली ती जेमतेम २.३ कोटी हेक्टोलिटर झाली. उपाय शोधणाऱ्याला सरकारने ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. ते शेवटी कुणालाच मिळालं नाही. उपाय मात्र निघाला, तो म्हणजे कलम. खाली अमेरिकी वेलाचा खुंट, वर फ्रेंच डोळा. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे नव्याने सांगायला नको. आपल्याकडचा डॉगरिजचा खुंटही मूळचा अमेरिकीच आहे. आपल्याकडे तो लावतात तो पाण्याचा ताण आणि खारी जमीन सोसावी म्हणून, एवढाच फरक.

खरा घोळ पुढे झाला. बागा मेल्या तरी लोकांची तहान मेली नव्हती. मग भिजवलेल्या मनुकांपासून वाईन, चोथ्यात साखर-पाणी घालून वाईन, अल्जेरियाहून आणलेली वाईन, सगळं काही फ्रेंच नावांनी विकलं जाऊ लागलं. कलमी बागा पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा बाजार आधीच भरलेला आणि भाव पडलेला. १९०७ साली दक्षिण फ्रान्सचे द्राक्षबागायतदार लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. नार्बोन शहरात सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. म्हणजे भेसळीचा प्रश्न हा काही शौकिनांच्या जिभेचा प्रश्न नव्हता. तो घर चालवण्याचा प्रश्न होता.

शातोनफची स्थिती तर आणखी विचित्र. इथली वाईन दणकट आणि अल्कोहोल जास्त, त्यामुळे ती पिंपांत भरून बर्गंडीला जायची आणि तिकडच्या अशक्त वाईनमध्ये ताकदीसाठी मिसळली जायची. अशा मिसळायच्या वाईनला फ्रेंचमध्ये 'औषधी वाईन' असं गमतीदार नाव आहे. माल यांचा, नाव दुसऱ्याचं! आणि उलट, यांचं नाव जरा कुठे गाजू लागलं तर ते कुणीही आपल्या पिंपावर लिहावं. अडवणार कोण?

१९२३ साली गावातले बागायतदार एका शेजाऱ्याकडे गेले. बॅरन पियेर ल रुआ. शिक्षणाने वकील, पहिल्या महायुद्धात वैमानिक, आणि लग्नामुळे इथल्या शातो फोर्तिया या इस्टेटीत आलेला, म्हणजे गावचा जावईच. आमच्या नावाची चोरी थांबवा, कोर्टात लढा, असं त्यांचं म्हणणं. ल रुआ तयार झाला, पण त्याने अट घातली: दुसऱ्यांना अडवायच्या आधी तुम्ही स्वतः शिस्त पाळायची.

मग नियम लिहिले गेले. ते वाचताना मला एखादं उत्तम स्पेसिफिकेशन वाचल्यासारखं वाटलं. पहिला नियम जमिनीचा. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपं वाढतात, तीच जमीन यात धरायची. म्हणजे कोरडी, हलकी, दुसऱ्या पिकाला फारशी कामाची नसलेली. मोजणी अधिकारी नको की प्रयोगशाळा नको, चालत जाऊन बघा! दुसरा, द्राक्षाच्या ठरावीक जाती. तिसरा, छाटणीची पद्धत. चौथा, अल्कोहोल किमान १२.५ टक्के, आणि ते बाहेरून साखर न घालता. पाचवा, तोडणीच्या वेळी निवड करायची आणि किमान ५ टक्के माल बाजूला काढायचा. पीक कितीही चांगलं आलेलं असो, ५ टक्के काढायचाच. सहावा, गुलाबी वाईन या नावाने विकायची नाही.

जरा विचार करा. ज्यांचा भाव पडलाय, ज्यांचं नाव चोरीला जातंय, ते लोक स्वतःच्या मालातला काही भाग टाकून द्यायचं कबूल करतात. हा काही भाबडेपणा नव्हता. चोराला "तू खोटा" म्हणायचं तर "खरं" म्हणजे काय, हे आधी लिहून ठेवायला लागतं. त्याशिवाय कोर्ट तरी काय तपासणार?

कोर्टाचं काम दहा वर्षं चाललं आणि १९३३ साली निकाल कायम झाला. हद्द गावाच्या सीमेप्रमाणे न ठरता जमिनीप्रमाणे ठरली, त्यामुळे शेजारच्या चार गावांचे तुकडे आत आले. १९३५ साली फ्रान्सने हीच कल्पना देशभरासाठी कायद्यात आणली आणि मे १९३६ मध्ये ज्या पहिल्या काही नावांना हे संरक्षण मिळालं, त्यात शातोनफ-द्यु-पाप होतं. त्या वेळी लाल-पांढरी मिळून १३ जातींची द्राक्षं मान्य झाली. (२००९ पासून रंग वेगळे मोजून १८ म्हणतात.) मुख्य द्राक्ष ग्रनाश, जोडीला सिरा, मूर्वेद्र, सँसो वगैरे. तर माझ्या बाळबोध प्रश्नाचं उत्तर मिळालं. लेबलवर द्राक्षाचं नाव नसतं कारण गावाच्या नावातच जमीन, जाती, छाटणी, निवड हे सगळं लिहिलेलं असतं.

जाता जाता एक धमाल गोष्ट. १९५४ साली फ्रान्सभर उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्या येत होत्या. तेव्हा इथल्या महापौरांनी फर्मान काढलं की गावाच्या हद्दीत तबकड्यांना उडायला, उतरायला सक्त मनाई, उतरलेली तबकडी जप्त! गावाला प्रसिद्धी मिळाली, आणि आजवर एकही तबकडी उतरलेली नाही. नियमाची अंमलबजावणी असावी तर अशी.

आता चवीबद्दल. नवख्यांसाठी एक टीप: लाल वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात ती रूम युरोपातली असते. पुण्यातल्या एप्रिलमध्ये बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, १६-१८ अंश पुरेत. आमच्या बाटलीवर अल्कोहोल १४.५ टक्के लिहिलं होतं. पहिला घोट गरम वाटला. अर्ध्या तासाने ग्लासमधली वाईन बदललेली होती. सुकं अंजीर, किंचित मिरी, आणि मसाल्याचा डबा उघडल्यावर येतो तसा एक वास. चौघांपैकी एकाला अजिबात आवडली नाही, पण वर्गणी परत मागायला उशीर झाला होता.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आंब्याची पेटी आठवत होती. 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेटीतला प्रत्येक आंबा देवगडचाच असतो असं कोण छातीठोकपणे सांगेल? आपल्याकडे भौगोलिक निर्देशांचा कायदा १९९९ साली झाला, आणि २०१८ साली कोकणच्या हापूसला तो शिक्का मिळाला. कागद आला. पण शातोनफचा इतिहास सांगतो की कागद हा शेवटचा टप्पा होता. त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी लोकांनी आपल्याच पेटीतला कच्चा, डागी माल बाजूला काढायला सुरुवात केली होती.

बाविसाव्या जॉनचा किल्ला आता फारसा उरलेला नाही. गावकऱ्यांनी त्याचे दगड नेले, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्याने सुरुंग लावला. आज एका बाजूची भिंत तेवढी उभी आहे. बाटलीचं वजन त्या भिंतीवर नाही, लॅव्हेंडर-थाइमच्या नियमावर आहे.

तुम्हाला हे प्रकरण करून बघायचं असेल तर एकदम पापाच्या वाटेला जाऊ नका, खिसा हलका होईल. आधी 'कोत द्यु रोन' लिहिलेली बाटली शोधा. त्याच खोऱ्यातली, बहुतेक वेळा त्याच ग्रनाशची, आणि बरीच स्वस्त. ती आवडली तर मग वर्गणीसाठी तीन मित्र शोधा.