बफरमध्ये जे नव्हतं ते: यकृतपेशीतल्या सोडियम-बायकार्बोनेट वाहकाचा शोध

नेट-सेट किंवा पेटची तयारी करताना आपण यकृतपेशीची आकृती पाठ करतो. एक पटल रक्ताच्या बाजूचं, एक पित्ताच्या बाजूचं आणि दोन्हींवर वाहकांचे बाण. रक्ताच्या बाजूचा एक बाण सोडियम आणि बायकार्बोनेट यांना जोडीने पेशीत आणतो. हा बाण आकृतीत पक्का झाला 1989 मध्ये. तो कसा सापडला हे समजलं, तर स्वतःचा प्रयोग आखताना नक्की उपयोग होईल.

आधी मूळ प्रश्न बघू. उंदीरवर्गीय प्राण्याच्या यकृतपेशीचं पटल-विभव साधारण उणे 35 मिलीव्होल्ट असतं. बाहेरचा पीएच 7.4 धरा. हायड्रोजन आयन नुसते समतोलात असते, तर आतला पीएच 6.8 च्या आसपास आला असता (नर्न्स्टचं समीकरण घालून स्वतः करून बघा). प्रत्यक्षात तो 7 च्या वर असतो. म्हणजे कोणीतरी सतत ऊर्जा खर्चून आम्ल बाहेर काढतंय, किंवा अल्क आत आणतंय.

पहिला संशयित होता सोडियम-हायड्रोजन विनिमयक. तो यकृतात रक्ताच्या बाजूच्या पटलावर असतो आणि पित्ताच्या बाजूला नसतो, हे 1986 मध्ये पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांवर दाखवलं गेलं. अ‍ॅमिलोराइड दिलं की तो थांबतो. मग प्रश्न सुटला का? नाही, कारण इथे बफरचा मुद्दा येतो.

नॉर्मन गुड आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये हेपेस व इतर बफर मांडले. हेपेस वापरायला फार सोयीचं: कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको, पीएच स्थिर. पण रक्तात सुमारे 24 मिलीमोलर बायकार्बोनेट असतं आणि साध्या हेपेस द्रावणात ते जवळपास नसतंच. स्टँडवर प्रवासीच नसतील, तर एसटी किती माणसं नेते हे कसं मोजणार? अशा द्रावणात विनिमयक दिसतो, बायकार्बोनेटचा वाहक दिसूच शकत नाही.

दिशा मिळाली मूत्रपिंडाकडून. वॉल्टर बोरॉन आणि एमिल बुलपेप यांनी 1983 मध्ये सॅलमँडरच्या मूत्रनलिकेत सोडियम आणि बायकार्बोनेट एकत्र नेणारा, विद्युतभार हलवणारा वाहक दाखवला. तिथे तो बायकार्बोनेट पेशीबाहेर, रक्ताकडे नेतो.

1989 मध्ये उंदीरवर्गीय यकृतपेशींबद्दल एकापाठोपाठ पुरावे आले. ग्लीसन, स्मिथ आणि बॉयर यांनी बायकार्बोनेट असताना आणि नसताना पेशीतला पीएच तपासला. बायकार्बोनेट असताना सोडियमवर अवलंबून असलेली, पण अ‍ॅमिलोराइडला दाद न देणारी यंत्रणा समोर आली. रेनर, मायर आणि सहकाऱ्यांनी तिची जागा रक्ताच्या बाजूच्या पटलावर दाखवली.

तरी एक शंका उरते. सोडियम आणि बायकार्बोनेट आत, क्लोराइड बाहेर, असा भाररहित विनिमयही असू शकतो ना? इथे फिट्झ, पर्सिको आणि शार्श्मिट यांचं विद्युत-मापन कामाला येतं. बाहेरचं बायकार्बोनेट वाढवलं की पेशी आतून आणखी ऋण होते. म्हणजे एका सोडियममागे एकापेक्षा जास्त बायकार्बोनेट आत येतात आणि निव्वळ ऋणभार आत जातो. भाररहित वाहकाने विभव असं हललं नसतं.

आता दिशेकडे लक्ष द्या. ऋणभारित पेशीत आणखी ऋणभार ढकलायचा म्हणजे विभवाविरुद्ध काम. सोडियमचा उतार ते काम करतो, आणि तो उतार टिकवतो सोडियम-पोटॅशियम पंप. मूत्रपिंडात एका सोडियममागे जाणाऱ्या बायकार्बोनेटचं प्रमाण जास्त आणि विभवही जास्त ऋण, म्हणून तिथे वाहतूक उलटी. परीक्षेत नेमका हाच मुद्दा फिरवून विचारता येतो.

पुढे 1997 मध्ये रोमेरो, हेडिगर, बुलपेप आणि बोरॉन यांनी सॅलमँडरच्याच मूत्रपिंडातून अशा वाहकाचा जनुक वेगळा काढला. त्यासाठी बेडकाच्या अंडपेशी वापरल्या.

तुमच्यासाठी यातून एक सवय सांगते. कुठल्याही पेपरात ‘अमुक वाहक आढळला नाही’ असं वाचलंत, की निष्कर्षावर थांबू नका. पद्धतीच्या विभागात जाऊन द्रावणाची यादी वाचा आणि विचारा: तो वाहक असता, तर या द्रावणात दिसला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे तुमच्या संशोधनाचा प्रश्न मिळू शकतो.