वाळे कुठवर पोहोचले? टपालाच्या पावतीची गोष्ट



आजचं बोलणं एका डब्यापासून सुरू करतो. आमच्या गटातल्या एका ताईंना नातू झाला. लेक लांबच्या शहरात, बारशाला जाणं जमणार नव्हतं. ताईंनी डिंकाचे लाडू केले आणि डब्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळून बाळाचे चांदीचे वाळे ठेवले. आजीकडून वाळे जायलाच हवेत. डबा शिवला, वर पत्ता घातला आणि साध्या पार्सलने पाठवला. खिडकीवर विचारलं, "आत काय आहे?" ताई म्हणाल्या, "खाऊ." चांदी आहे म्हटलं तर कुणाच्या तरी मनात पाप येईल, अशी त्यांना भीती.

बारसं झालं. डबा त्यानंतर बारा दिवसांनी पोहोचला, एका बाजूची शिवण उसवलेली. लाडू होते, वाळे नव्हते. चौकशीला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "पावती?" ती सापडेना. दुसरा प्रश्न आला, "विमा केला होता का?" ताईंनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही ताईंकडे. टपालाला विमा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही एकाच प्रश्नाच्या मागे लागलो. वस्तू आपल्या हातून सुटते आणि आपल्या माणसाच्या हातात पडते, त्या मधल्या वाटेवर ती कोणाची? शोधता शोधता कळलं की हा प्रश्न फार जुना आहे आणि प्रत्येक काळाने त्याला आपापलं उत्तर दिलं आहे.

पेशव्यांच्या काळात पत्रं जासूद नेत. एकाला काही झालं तर दुसरा पोहोचेल, म्हणून त्यांच्या जोड्या पाठवत. पैसा मात्र शक्यतो उचलून नेतच नसत. त्यासाठी हुंडी होती. पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरायची, त्याने दूरच्या गावच्या सावकारावर चिठ्ठी लिहून द्यायची आणि तिकडे ती दाखवून पैसे घ्यायचे. वाटेत चोर आला तर त्याच्या हाती कागद लागे, रुपये नाही. हुंडी हरवली तर दुसरी प्रत लिहून मिळे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. म्हणजे हरवणार हे धरूनच व्यवस्था केलेली होती. पण ती सावकार ओळखणाऱ्यांसाठी होती. आपल्यासारख्या बाईची हुंडी कोण लिहिणार?

पुढे कंपनी सरकारची डाक आली. हरकारे खांद्यावर थैली घेऊन टप्प्याटप्प्याने धावत. हातात घुंगरं बांधलेला भाला असे. रानातून जाताना जनावर आणि चोर, दोघांची धास्ती. तेव्हा टपालहशील अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाच्या पत्राला एक रुपया पडे. त्या काळचा रुपया! 1854 साली कायदा झाला आणि 1 ऑक्टोबर 1854 पासून अंतराचा हिशेब गेला, वजनाचा आला. हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्याला जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. पत्र गरिबाच्या आवाक्यात आलं ते तेव्हापासून.

पण पत्र वेगळं आणि मोल वेगळं. 1861 च्या कायद्यानंतर सरकारी नोटा निघाल्या, तेव्हा लोकांनी एक युक्ती काढली. ती ऐकून आम्हाला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. त्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत आणि नोटेवर तिचा क्रमांक दोन ठिकाणी असे. नोटेचे मधोमध दोन तुकडे करायचे. एक अर्धा टपालाने पाठवायचा. तो पोहोचल्याचं उलट पत्र आलं की मगच दुसरा पाठवायचा. वाटेत एक अर्धा चोरून कोणाचं काहीच साधत नसे. पाठवणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेला हा बंदोबस्त होता. एकदम सगळं द्यायचं नाही आणि पोहोच आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

पुढे 1877 ते 1880 या चार वर्षांत टपालखात्याने बरंच काही सुरू केलं. 1877 साली व्ही.पी. आली. माल आधी जायचा, पोस्टमन दारात पैसे घ्यायचा आणि ते पैसे पाठवणाऱ्याकडे परत जायचे. आज मुली फोनवरून साडी मागवतात आणि पैसे दारात देतात, त्याचं मूळ इथं आहे. 1878 साली विमा आला. वस्तूचं मोल सांगायचं, त्यावर थोडं शुल्क भरायचं आणि ती गहाळ झाली तर भरपाईची हमी घ्यायची. 1879 साली एक पैशाचं पोस्टकार्ड आणि 1 जानेवारी 1880 पासून टपालखात्याची मनिऑर्डर. त्याआधी हे काम सरकारी खजिन्यांतून चाले. खजिने मोजके आणि टपालकचेऱ्या हजारो, म्हणून मनिऑर्डर गावापर्यंत आली.

मनिऑर्डर म्हटलं की आपल्या आज्या आठवतात. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातला, घाटावरचा माणूस राबला आणि मागे घर बाईने चालवलं. कोकणाला तर मनिऑर्डरवर चालणारा मुलूखच म्हणत. पगार झाला की गावाकडे पोस्टमनची वाट बघणं सुरू. तो ओटीवर बसायचा, रुपये मोजून द्यायचा आणि अंगठा घ्यायचा. सोबत फॉर्मचा एक लहान तुकडा मिळे, त्यावर चार शब्द लिहायला जागा. "पैसे पाठवले आहेत. बैलाला पेंड घ्या. तब्येतीस जपा." कित्येक घरांत नवऱ्याचं पत्र म्हणजे तेवढंच.

यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आजीचा अंगठा असलेली पोच परत मुंबईला जाई. तिकडे चाळीच्या खोलीत त्या माणसाला ती मिळे आणि पैसे खरंच घरी पडले हे त्याला कळे. आज आपण फोनवर पार्सलचा ठावठिकाणा बघतो, ते काम तेव्हा आजीच्या अंगठ्याने केलं.

रजिस्टर आणि विम्याच्या टपालाचंही तसंच. साधं पत्र थैलीत शेकड्यांनी जातं, त्याची एकेक करून नोंद होत नाही. रजिस्टर टपालाला नंबर मिळे. ते एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना यादीत लिहिलं जाई आणि घेणारा सही करी. कचेरीतून रेल्वेच्या टपालडब्यात, डब्यातून दुसऱ्या कचेरीत, तिथून पोस्टमनच्या हाती, प्रत्येक सांध्यावर सही. विम्याच्या पुडक्याला कापड शिवून टाक्यांवर लाखेच्या मोहरा लावत. सगळ्या मोहरांवर एकच खूण. कोणी शिवण उसवली तर मोहर फुटलेली दिसे. पुडक्याचं वजनही नोंदलं जाई. सोनं, चांदी, दागिने, नाणी टपालाने पाठवायची तर विमा करूनच, हा नियम जुना आहे. आमच्या ताईंचा डबा नेमका याच नियमाबाहेर गेला.

आता कायद्याची बाजू. 1898 च्या टपाल कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की वस्तू हरवली, उशिरा पोहोचली किंवा खराब झाली, तर सरकारने जेवढी जबाबदारी शब्दांत घेतली असेल तेवढीच त्याच्यावर येईल, त्यापलीकडे नाही. आता 2023 चा नवा टपाल कायदा आहे, पण ही मर्यादा कायम आहे. म्हणून विमा केल्यावर मिळणारा कागद महत्त्वाचा. तिथं खात्याने जबाबदारी लिहून घेतलेली असते. विमा नसेल तर स्पीड पोस्टलाही वर्षानुवर्षं नियम असा की वस्तू हरवल्यास भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती. आत पाच हजारांची पैठणी असली तरी तेवढंच.

वेळेचं काय? 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. तो आखला टपालखात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन त्यातली कचेरी. 413 म्हणजे सोलापूर, लातूरकडची वाट. तेच आकडे उलटसुलट होऊन 431 झाले की पुडकं छत्रपती संभाजीनगर, जालन्याच्या वाटेला लागलं! उशिराचं कारण कधीकधी आपल्याच अक्षरात असतं.

1 ऑगस्ट 1986 ला स्पीड पोस्ट आलं. पुढे संगणक आले आणि सांध्यावरच्या सहीची जागा पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेने घेतली. पावतीवर दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरं असतात. तोच आपला माग काढायचा नंबर. जिथं यंत्राने खूण वाचली, तिथली नोंद फोनवर दिसते. दोन कचेऱ्यांच्या मधल्या रस्त्यावर पुडकं असेल तर काही दिवस काहीच बदलत नाही. तेवढ्यावरून ते हरवलं असं समजायचं नाही, पण शेवटची नोंद कुठली ते लिहून ठेवायचं. चौकशी तिथूनच सुरू होते.

जुनी कागदी मनिऑर्डर 2015 साली बंद झाली. 2025 साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. आता स्पीड पोस्ट करतानाच जादा शुल्क भरून नोंदणी मागायची, म्हणजे ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्याच्या हातात पडतं. नावं बदलली, पण मागितल्याशिवाय मिळत नाही, हे तसंच राहिलं.

आमच्या ताईंचे वाळे परत आले नाहीत. कोणी घेतले ते आम्हाला माहीत नाही आणि पुराव्याशिवाय कोणाचं नाव आम्ही घेणार नाही. ताई अजून म्हणतात, "मीच खाऊ म्हटलं." आम्ही त्यांना सांगतो, "ताई, खरं सांगितलं तर चोरी होईल असं आपल्याला वाटलं. पण खरं सांगितलं असतं तरच कोणी जबाबदार झालं असतं."

त्यानंतर गटात आम्ही एक वही घातली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुडक्याची तारीख, पत्ता, पिनकोड, आतल्या वस्तू आणि त्यांचं मोल, विमा केला की नाही आणि पावतीचा नंबर, एवढं लिहितो. पावती वहीतच चिकटवतो. पुडकं बांधण्याआधी आणि शिवल्यावर फोटो काढतो. वस्तू पोहोचली की घेणाऱ्या माणसाने फोनवर सांगायचं आणि आम्ही वहीत खूण करायची. गेल्या महिन्यात ताईंनी नातवासाठी पुन्हा वाळे घेतले. या वेळी खिडकीवर त्या मोठ्याने म्हणाल्या, "आत चांदी आहे. विमा करायचाय." मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी विचारलं, "असं असतं होय?"

सहाव्या दिवशी लेकीचा फोन आला. वहीत खूण झाली.

तुमच्या गटात अशी वही आहे का? नसेल तर या बैठकीत एक कोरी वही घ्या.